निळ्या रेषेखाली

१

शॉट संपला की शूटिंगच्या मंडळींना मोकळं व्हायची घाई असते. कुणाला पाणी हवं असतं, कुणाला सिगरेट, कुणाला नुसतं बोलायचं असतं. नेमकी त्याच वेळी साउंडवाली हात वर करते आणि सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालते. तिला त्या जागेची शांतता घ्यायची असते. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, आणि पुढे दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला ती लागते. नाहीतर सिनेमात माणूस बोलायचा थांबला की जगच बंद पडल्यासारखं वाटतं. म्हणून जो जिथे असेल त्याने तिथेच उभं राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. साउंडवालीचा हात खाली येईपर्यंत.

थोरलीला आपल्या कामातला हा एवढाच भाग मनापासून आवडायचा. एरवी युनिटमध्ये तिला कोण विचारतो! कानावर हेडफोन, खांद्याला रेकॉर्डरची पिशवी, हातात माईकची लांब काठी, आणि ती काठी फ्रेममध्ये आली की शिव्या. पण हात वर गेला की चित्र पालटायचं. ताडमाड उंच कॅमेरावाला, ज्याला सगळे उंट म्हणत, तोही एका पायावर उभा असेल तर एकाच पायावर राहायचा. दिग्दर्शिका, ज्यांना सगळे बाई म्हणत, त्यांचं उघडं तोंड उघडंच राहायचं. सगळे डोळे थोरलीच्या हातावर. खरं सांगायचं तर ती गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ हात वर ठेवायची.

या वेळचं काम एका माहितीपटाचं होतं. आटलेलं एक तळं, त्या तळ्यात काम करणारी एक चित्रकार, आणि बदलत चाललेलं हवामान. बाईंनी नवाच घाट घातला होता. शांतता घेताना कॅमेराही चालू ठेवायचा, आणि चित्रकाराने आपल्या कामाशेजारी उभं राहून सरळ कॅमेऱ्याकडे बघायचं. थोरली कॅमेऱ्याला खेटूनच उभी असायची. त्यामुळे चित्रकार बघायची ती कॅमेऱ्याकडे नाही, थोरलीच्या हाताकडे.

ही चित्रकार थोरलीची सख्खी धाकटी बहीण होती.

२

भिंतीवर टांगायची चित्रं काढणं धाकटीने केव्हाच सोडलं होतं. आटलेल्या तळ्यात तिने ठिकठिकाणी लाकडी खांब रोवले होते, आणि एके काळी पाणी जिथपर्यंत असायचं नेमक्या त्या उंचीवर प्रत्येक खांबाला निळी रेषा मारली होती. काठाजवळच्या खांबावर ती घोट्याला लागायची. थोडं आत चाललं की कमरेला, आणखी आत गळ्याला. तळ्याच्या मधोमध तर रेषा डोक्याच्या बरीच वर होती. तिथे भेगाळलेल्या मातीवर उभं राहून वर पाहिलं की कुणालाही आपण बुडालोय असं वाटे. लांबून लांबून लोक येत, रेषेखाली फोटो काढत, हवामानाबद्दल हळहळत, आणि गाडीतला एसी लावून परत जात.

काम चांगलंच होतं. थोरलीलाही ते कळत होतं, आणि तेच तर तिचं दुखणं होतं. कारण रेषा मुळात तिची होती.

दोघी याच तळ्याकाठी वाढल्या. घरामागे धक्क्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरायच्या. उन्हाळ्यात पाणी खाली जाऊ लागलं की थोरली निळ्या खडूने पायरीवर रेष मारायची, काल इथे होतं, आज इथे आहे. धाकटी खडूचा डबा घेऊन मागे मागे फिरायची, एवढंच तिचं योगदान. पुढे थोरली पोटापाण्याच्या मागे लागली, धाकटी कलाशाळेत गेली, आणि एक दिवस वर्तमानपत्रात फोटो आला. निळी रेषा. खाली धाकटीचं नाव.

मुलाखतीच्या दिवशी बाईंनी विचारलं, "ही कल्पना कुठून आली?"

धाकटी हसून म्हणाली, "लहानपणी आम्ही पाण्याच्या कडेला खडूने रेषा मारायचो ना, तिथून."

आम्ही! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. बीळ खणायचं हिने आणि आयत्या बिळावर नागोबा ती. पण करते काय? हातातली काठी हलू द्यायची नव्हती. आपल्या चोरीचा कबुलीजबाबसुद्धा तिनेच स्वच्छ आवाजात टिपून घेतला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "धाकटीचा सिनेमा निघतोय म्हणे! शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं मी. तू पण आहेस ना तिथे? तू काय करतेस त्यात?"

"आवाज."

"कसला आवाज?" आईने विचारलं. थोरलीने रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

३

पहिली शांतता काठाजवळच्या खांबापाशी घेतली, घोट्याएवढ्या रेषेजवळ.

रोज सकाळी धाकटीच्या कॉलरला माईक लावायचं काम थोरलीचं असे. शेंगदाण्याएवढा माईक, त्याची तार कपड्याच्या आतून, कमरेला डबी. एकदा लावला की धाकटीचा श्वाससुद्धा थोरलीच्या कानात. लहानपणी शाळेत जाताना थोरली तिच्या फ्रॉकची बटणं लावायची, तशीच धाकटी आताही हनुवटी वर करून उभी राहायची. "ताई, गुदगुल्या होतात गं," म्हणायची.

तिने हात वर केला. सगळे गोठले. काठीच्या माईकमध्ये वारा होता, लांबवर एक ट्रक होता. मग तिने कॉलरच्या माईकचा आवाज वाढवला, आणि तिला ऐकू आलं.

चुळुक.

पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसाने घोटा हलवावा, तसं. थोडं थांबून पुन्हा.

थोरलीने धाकटीच्या पायांकडे पाहिलं. कॅनव्हासचे बूट, खाली वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखी वर आलेली माती. धाकटी जराही हलत नव्हती. तिचा स्वभावच तसा, नियम म्हणजे नियम. आजूबाजूला नजर पोचेल तिथवर पाण्याचा थेंब नव्हता.

हात खाली आला. "उंटा, बाटली कुणी उघडली का रे?" तिने विचारलं.

"हलायची सोय ठेवतेस का तू? बाटली कुठली उघडतोय!" उंट म्हणाला आणि त्याने खांदे मोकळे केले.

तिने टेप मागे नेऊन त्याला हेडफोन दिले. त्याने डोळे मिटून ऐकलं. "वारा आहे. छान आहे की. काय झालं?"

"काही नाही," थोरली म्हणाली. साउंडवालीच्या कानांवर युनिटचा भरवसा उडाला की तिची भाकरी गेली. तिने वायर बदलली, माईकचा स्पंज बदलला, डबीतले सेल बदलले. मग एकटीने पुन्हा ऐकलं. चुळुक होतंच.

४

माणसाचं डोकं मोठं वकील असतं. थोरलीने त्या रात्री भरपूर पुरावे गोळा केले. वायरलेस माईक कुठलेही सिग्नल पकडतात, कधी रिक्षावाल्याचा रेडिओ येतो, तसं कुठल्या तरी घरातल्या मोरीचं काही आलं असेल. मातीखाली ओल उरली असेल. स्वतःच्याच कानात मळ साचला असेल. तिने कानात तेल घातलं आणि ती झोपली.

दुसरी शांतता कमरेएवढ्या रेषेपाशी. या वेळी चुळुक नव्हतं. धाकटीच्या श्वासाखाली, अगदी जवळ, काहीतरी हळूहळू हेलकावत होतं. पाणी माणसाला थोपटतं तो आवाज. ज्याने कंबरभर पाण्यात उभं राहून पाहिलंय त्याला तो सांगावा लागत नाही. आणि या दोघी तर त्यातच वाढल्या होत्या.

थोरलीने काठीचा माईक धाकटीच्या अगदी पायाशी नेला. तिथे कोरडा वारा. कॉलरच्या माईकमध्ये पाणी. म्हणजे जे काय होतं ते जागेत नव्हतं, धाकटीभोवती होतं.

तळ्याकाठचं घर केव्हाच सुटलं होतं; युनिटच्या निवासात दोघींना एकच खोली दिली होती. दोन पलंग, मध्ये एक टेबल, टेबलावर रेकॉर्डर. संध्याकाळी धाकटीने पलंगावर बसून बूट काढले. थोरली मुद्दामच समोर बघत नव्हती, पण दिसलं ते दिसलं. धाकटीचे तळपाय पांढरेफटक होते. बोटांची टोकं सुरकुतलेली. तासन्तास पाण्यात खेळून घरी आल्यावर आई ज्यावरून पाठीत धपाटा घालायची, तसे पाय.

"काय झालं गं पायांना?" थोरलीने विचारलं.

"घाम असेल बुटात." धाकटी बोटं चोळत होती. मग जरा लाजून म्हणाली, "ताई, एक सांगू? हसू नकोस. तिथे उभी राहिले ना, की इतकं गार वाटतं. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि मला कमरेपर्यंत गारवा. आपण उतरायचो ना धक्क्यावरून, अगदी तसं. उद्या आणखी आत जायचंय. मला तर कधी एकदा मधोमध जाते असं झालंय."

थोरलीच्या जिभेवर शब्द आले होते. जाऊ नकोस. मला ऐकू येतंय, कमरेपर्यंत आलंय ते, उद्या गळ्याला येईल. एका वाक्याचं काम होतं.

पण वाक्यामागोमाग तिला पुढचंही सगळं दिसलं. बाई टाळ्या पिटतील. तळ्याने आपल्या चित्रकाराला हाक मारली! नवी मुलाखत, नवा शॉट, पोस्टरवर नवी ओळ. आणि धाकटी कॅमेऱ्यासमोर बसून सांगेल, आम्हाला पाण्याचा आवाज यायचा. आम्हाला! खडू गेला तो गेला. आता कानही द्यायचे? सगळ्या जगात तो आवाज फक्त थोरलीला येत होता. तो पहिल्यांदाच संपूर्ण तिचा होता.

"घामच असेल," ती म्हणाली. "मोजे बदल."

५

तिसऱ्या दिवशी गळ्याएवढी रेषा. धाकटी खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि निळी रेष तिच्या हनुवटीखालून गेली. बाई खूश होत्या. "मान कापल्यासारखी दिसतेय. फार छान."

हात वर गेला.

पाण्यात बुडालेला माईक कसा ऐकू येतो ते साउंडवाल्यांना पक्कं ठाऊक असतं, कारण प्रत्येकाने एकदा तरी महागाचा माईक पाण्यात घालवलेला असतो. वरचे सगळे बारीक आवाज नाहीसे होतात. उरतो एक जाड, गोल घुमारा, आणि मधूनच बुडबुडे. थोरलीच्या कानात तेच होतं. वारा नव्हता. धाकटीचा श्वास मात्र होता, पण लांबून, वरून कुठून तरी येणारा, आणि तोंड वर धरून घेतल्यासारखा तोकडा.

समोर धाकटी उन्हात उभी होती, कोरडी ठणठणीत. तिची हनुवटी मात्र हळूहळू वर उचलली जात होती. माईक लावताना उचलायची तशी. डोळे थोरलीच्या हातावर.

थोरलीने हात झटकन खाली आणला. इतक्या लवकर तिने तो कधीच आणला नव्हता.

"झालं? आज देव पावला!" उंट म्हणाला.

धाकटीने मोठा श्वास घेतला आणि ती खोकली. खूप वेळ खोकत राहिली. मग डोळे पुसून थोरलीकडे बघून हसली. त्या हसण्यात आभार होते की नुसतीच धाप, ते थोरलीला कळलं नाही. तिला एवढंच कळलं की आपण हात खाली आणला की पाणी जातं. गाडीत सामान भरताना तिच्या मनात आलं, उद्या बाईंना सांगून मधला शॉट रद्द करायचा. बॅटरी गेली म्हणायचं, माईक मेला म्हणायचं, काहीही. हे तिने अगदी खरोखर ठरवलं होतं. ती काही राक्षसीण नव्हती.

६

तळ्याच्या मधोमध गाडी जात नाही. माती मऊ आहे असं नाही, पण भेगा रुंद आहेत. म्हणून सगळी वरात पायी निघाली. पुढे बाई आणि धाकटी, त्यांच्या मागे कॅमेरा खांद्यावर घेतलेला उंट, आणि सगळ्यात शेवटी थोरली. धाकटीच्या कॉलरला माईक लावलेला होता. माईक लावला की रेकॉर्डर चालू, अशी थोरलीची शिस्त. माणसं कॅमेऱ्यापुढे बोलत नाहीत ते चालताना बोलतात. ती पुढच्या दोघींचं बोलणं ऐकत चालली होती. बॅटरी गेली हे कधी सांगावं, याचा विचारही चालू होता.

बाई म्हणत होत्या, "ते खडूचं पुन्हा एकदा घेऊ या का? तुझी बहीणही होती ना त्यात? तिलाही दोन वाक्यं विचारली तर?"

थोरलीचं पाऊल थबकलं.

धाकटी पटकन म्हणाली, "नको, नको. ताईला यात आणू नका."

थोरलीने हेडफोन कानांवरून ओढून गळ्यात टाकले.

एवढं स्पष्ट! निदान मागे लाज तरी होती, 'आम्ही' म्हणण्यापुरती. आता तीही नाही. पुढे त्या दोघी बोलतच होत्या, धाकटीचे हात हलत होते, बाई मान डोलावत होत्या. बोला. काय हवं ते बोला. नावडतीचं मीठ अळणी, हे थोरली लहानपणापासून चाखत आली होती. उरलेला रस्ता तिने मातीकडे बघत काढला. बॅटरीची गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही.

मधला खांब सगळ्यांत उंच होता. निळी रेषा वर उन्हात कुठे तरी होती, मान मागे टाकली तरच दिसायची. धाकटी खांबाखाली जाऊन उभी राहिली. दोन्ही हात अंगालगत सरळ. एवढी लहान दिसत होती.

"ताई," तिने हाक मारली. "हे झालं ना की थांब हं. जाऊ नकोस कुठे."

थोरलीने हेडफोन कानांवर चढवले आणि हात वर केला.

कानात लगेच तो जाड घुमारा भरला. श्वास ऐकूच आला नाही. तो आतच कोंडून धरलेला होता. समोर धाकटीची हनुवटी वर गेली, आणखी वर गेली, आणि मग आणखी वर जायला जागाच राहिली नाही. डोळे मात्र हातावर. ती नियम मोडणार नव्हती. लहानपणीही थोरलीने "स्टॅच्यू" म्हटलं की ही डास चावला तरी हलायची नाही, आई ओरडेपर्यंत.

आता, थोरलीच्या मनात आलं. आता खाली आणायचा.

आणि लगेच दुसरं आलं. जरा थांबू दे. मी इतकी वर्षं थांबले, जरा हिलाही कळू दे.

कानात एक बुडबुडा फुटला. मग बरेचसे, एकामागून एक, वर वर जात लांब झाले. मग नुसतं पाणी. इतकी शुद्ध शांतता थोरलीने आयुष्यात कधी टिपली नव्हती.

तिचा हात खाली आला. उंटाने खांदे सैल केले, बाईंनी श्वास सोडला. धाकटी हलली नाही.

ती उभीच होती, हात अंगालगत. मग गुडघ्यात वाकली आणि खांबाला घसटत खाली बसली. उंट धावला. तिची मान कलली तेव्हा तोंडातून पाण्याची एक बारीक धार निघाली आणि भेगेत गेली. मातीने ती तिथल्या तिथे पिऊन टाकली. मागून पोचलेल्या बाईंना ती दिसलीही नाही.

७

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी बराच वेळ तपासलं, मग बाहेर येऊन चष्मा पुसत विचारलं, "पोहायला गेल्या होत्या का कुठे?"

"इथे पाणी कुठे आहे?" बाई रडत म्हणाल्या.

"तेच म्हणतोय," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी हृदय थांबलं असं लिहून दिलं.

आई रडली नाही. खुर्चीत बसून तिने थोरलीला एकच विचारलं, "तू तिथेच होतीस ना?" थोरलीने होकाराची मान हलवली. आईला त्यात दिलासा वाटला. एकटी नव्हती माझी लेक, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली.

सिनेमा बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण बाई इरेला पेटल्या. तिच्यासाठी पुरा करायचा, म्हणाल्या. आवाज स्वच्छ करायचं काम अर्थातच थोरलीचं. स्टुडिओची ती खोली कोंदट, भिंतींना स्पंज, दार लावलं की कानात दडा बसल्यासारखा. थोरली सगळे आवाज साफ करत गेली, एक टेप सोडून.

एक दिवस बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "शेवट कसा करायचा ते ठरलंय. मधल्या खांबाकडे चालताना ती जे बोलली ना, ते तिच्या आवाजात. आणि मग ती शांतता, पूर्ण."

"काय बोलली?"

बाईंनी चमकून पाहिलं. "म्हणजे काय? तुझ्या कानातच तर होतं सगळं. मी म्हटलं, ही इतकी गप्प आहे ती त्यामुळेच."

त्या गेल्यावर थोरलीने टेप लावली. पावलांचा आवाज. बाईंचा प्रश्न. मग धाकटी.

"नको, नको. ताईला यात आणू नका. असं मध्येच, दोन वाक्यांपुरतं नको. मीच सांगणार आहे, नीट. रेषा तिची आहे. पहिली रेष तिने मारली, मी नुसता डबा धरला होता. इतकी वर्षं सांगायचं राहिलं, आणि जितकं राहिलं तितकी भीती वाटायला लागली, ती बोलायचीच बंद होईल म्हणून. आज मधली शांतता झाली की कॅमेरा बंद करू नका. मी तिला खांबापाशी बोलावते आणि तिच्याच हातात ब्रश देते. तिला आधी सांगू नका हं. चिडेल. मग रडेल. मला माहीत आहे ना ती."

थोरली चिडली नाही. ती तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली, कारण त्या खोलीत बारीकसा आवाजही टिपला जातो. मग तिने टेप पुढे जाऊ दिली, आणि शांतता सुरू व्हायच्या आत बंद केली.

८

सिनेमाच्या पहिल्या खेळाला थिएटर भरलं होतं. थोरलीला मधल्या रांगेत बसवलं होतं, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला उंट. शेवटाकडे पडद्यावर भेगाळलेली माती आली आणि धाकटीचा आवाज. रेषा तिची आहे. पहिली रेष तिने मारली. काळोखात माना वळल्या. आईने थोरलीचा हात घट्ट दाबला. जन्मभर हिला हवं होतं ते सगळं त्या घडीला मिळालं होतं, आणि तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

मग शांतता. पडद्यावर उंच खांब, खाली धाकटी. थोरलीने हे दृश्य स्टुडिओत इतक्या वेळा आवाज बंद करून पाहिलं होतं की त्यातला खडा न् खडा तिला पाठ होता. दोन्ही हात अंगालगत, सरळ. डोळे समोर.

सगळं थिएटर चिडीचूप होतं. आईच्या हाताची पकड सैल झाली. थोरलीच्या कानावर हेडफोन नव्हते.

चुळुक.

खुर्चीखाली, घोट्यापाशी. गार. ती पाय वर घेणार होती, तेवढ्यात तिचं लक्ष पडद्यावर गेलं.

धाकटीचा उजवा हात अंगालगत नव्हता. तो वर होता, सरळ, तळवा पुढे. आणि धाकटी तिच्याचकडे बघत होती.

शेजारी उंट खुर्चीत सावरून बसला. आईने पदराने डोळे टिपले. मागे कुणीतरी खोकलं. त्यांना हलायला मुभा होती. गारवा थोरलीच्या पोटऱ्यांना लागला, मग गुडघ्यांना. तिने हळूहळू हनुवटी वर केली आणि डोळे त्या हातावर ठेवले. हात खाली येईपर्यंत हलायचं नाही. नियम तिनेच घालून दिला होता, आणि हात किती वेळ वर ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.